माहेरच्या पत्त्याचं लायसन्स

२०२४ ची दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. फराळाच्या डब्यांत तळाला चुरा उरला होता, आणि आमच्या घरात विषय एकच होता. चिरंजीवांना अठरा पूर्ण झाली होती आणि त्यांना लायसन्स हवं होतं. परीक्षेला कुठली चिन्हं येतात, किती प्रश्न असतात, याची उजळणी जेवणाच्या ताटावरसुद्धा चालू होती. त्या भरात त्यानं विचारलं, "आई, तुझं लायसन्स कसं दिसतं गं? बघू."

मी पर्समधून काढून दिलं. कागदी लायसन्स, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं. आत चिकटवलेला फोटो, फोटोच्या कोपऱ्यावर अर्धा शिक्का, शाईनं लिहिलेलं नाव. तो आधी फोटोला हसला. मग त्याचं हसू थांबलं.

"आई, हे मे महिन्यात संपलंय."

"काहीतरीच! वीस वर्षांचं आहे ते."

"हो. २००४ अधिक वीस किती?"

तुम्ही म्हणाल, एवढं कसं लक्षात राहिलं नाही? गॅसचा नंबर, विम्याचा हप्ता, मुलाची फी, सासूबाईंची औषधं, सगळं तारखेवार लक्षात असतं. पण वीस वर्षांनी येणारी तारीख कोण लक्षात ठेवतो? ती येते आणि निघून जाते. मे ते नोव्हेंबर, सहा महिने मी बिनलायसन्सची गाडी चालवत होते, आणि तेही कुणाला घेऊन? तर अव्वांना.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतात, म्हणून मीही. मी कोल्हापूरची, लग्न होऊन २००५ च्या फेब्रुवारीत बेळगावला आले. नवऱ्याच्या घरी कन्नड. अव्वांचं मूळ गाव बैलहोंगलच्या बाजूचं. लग्नाआधी मला 'बर्री' आणि 'होगरी' या दोन शब्दांपलीकडं कन्नड येत नव्हतं, आणि त्यांना मराठी समजायचं, पण बोलायला संकोच वाटायचा. पहिली दोन वर्षं आम्ही दोघी स्वयंपाकघरात हातवारे करून बोललो. मग कधी तरी माझं कन्नड आणि त्यांचं मराठी यांची भेसळ होऊन एक तिसरीच भाषा तयार झाली, ती आजतागायत चालू आहे. या पानांचे वाचक असाल तर ती भाषा तुमच्याही घरात असेल, जास्त सांगायला नको.

अव्वांचं डायलिसिस २०२३ मध्ये सुरू झालं. आठवड्यातून दोन वेळा, सकाळी साडेसहाला दवाखान्यात पोचायचं. नवरा नोकरीनिमित्त हुबळीला, शनिवारी-रविवारी येतो. त्यामुळं गाडी माझ्याकडं. पहाटे त्यांना शाल गुंडाळून पुढच्या सीटवर बसवायचं आणि "नडी" असं त्या म्हणाल्या की निघायचं, हा आमचा ठरलेला क्रम. मी मनातल्या मनात हिशेब केला. आठवड्याला दोन म्हणजे सहा महिन्यांत पन्नासच्या आसपास वेळा मी त्यांना घेऊन गेले होते. काही झालं असतं तर? कायद्यात पाच हजार रुपयांचा दंड आहे, तो एक वेळ भरला असता. पण अपघात झाला असता तर विमा कंपनीनं आधी माझ्या लायसन्सची तारीख बघितली असती. त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी अव्वांना सांगितलं. त्यांनी चष्मा लावून ते पुस्तक हातात घेतलं आणि पहिल्यांदा फोटोवर बोट ठेवलं.

"इकि यार?" ही कोण?

"मीच की, अव्वा."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, नवीन होईपर्यंत मी तुझ्या गाडीत बसणार नाही. मी म्हटलं, रिक्षात धक्के बसतील, परत येताना तुम्हाला चक्कर येते. तर म्हणाल्या, "काळजी माडब्याड." काळजी हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे आणि तो करू नको असं सांगितल्यावर जास्त होते, हेही दोन्ही भाषांत सारखंच.

आता या लायसन्सची जन्मकथा सांगते.

माझे बाबा साधे कारकून. त्यांनी २००३ मध्ये जुनी मारुती आठशे घेतली. घरात गाडी आली, पण चालवणारे ते एकटेच. माझं लग्न बघायला सुरुवात झाली होती. बाबांनी आईला सांगितलं, स्वयंपाक तिला तू शिकव, गाडी मी शिकवतो. पहाटे विद्यापीठाच्या रस्त्यावर आम्ही दोघं जायचो. तेव्हा त्या रस्त्याला फिरायला येणारी म्हातारी माणसं आणि आम्ही, एवढेच असायचो. गाडी आचके देऊन बंद पडायची. बाबा कधी ओरडले नाहीत. फक्त म्हणायचे, "पुन्हा. क्लच सावकाश." एकदा मी वैतागून म्हटलं, मला कशाला हवंय हे, सासरी गाडी असेल-नसेल. तर ते म्हणाले, "गाडी नसेना का. पण रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर कुणाच्या तोंडाकडं बघत बसू नकोस."

फॉर्म त्यांनीच भरला. पत्ता मंगळवार पेठेतला, आमच्या घराचा. टेस्ट झाली, मे महिन्यात पुस्तक हातात आलं. वर्षभरात माझं लग्न झालं. नाव बदललं, आडनाव बदललं, शिधापत्रिका, बँक, मतदार यादी सगळीकडं मी बेळगावची झाले. पुढं आधारही इथलंच निघालं. लायसन्स तेवढं राहून गेलं. त्याला हात लावायची कधी वेळच आली नाही. बाबा २०१७ मध्ये गेले. आई पुण्याला भावाकडं राहायला गेली. २०२१ मध्ये घर विकलं. म्हणजे त्या पुस्तकावर जी मुलगी होती तिचं नाव आता कुठं नव्हतं, आणि जो पत्ता होता तिथं आता दुसरी माणसं राहत होती.

सोमवारी मी इथल्या आरटीओत गेले. मनात एकच धाकधूक, हे म्हणणार, महाराष्ट्राचं लायसन्स महाराष्ट्रात करा. पण खिडकीतल्या गृहस्थांनी शांतपणे समजावून सांगितलं. नूतनीकरण देशातल्या कुठल्याही परवाना अधिकाऱ्याकडं होतं, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १५ मध्येच तसं आहे. तुम्ही इथं राहता, पत्त्याचा पुरावा इथला आहे, इथंच होईल. मुदत संपून वर्ष झालं नाही तोवर अर्ज केलात तर पुन्हा टेस्ट नाही. वर्ष उलटलं की टेस्ट द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतरचा हा नियम. चाळिशी ओलांडलेली असल्यामुळं डॉक्टरांचा दाखला, फॉर्म १-ए, तो लागेल.

मी म्हटलं, मग आजच देते अर्ज. त्यांनी माझा नंबर संगणकात घातला. एकदा, दोनदा, तीनदा. मग मान हलवली.

"सिस्टमदाग इल्ल री."

म्हणजे संगणकात मी नव्हतेच. पूर्वी प्रत्येक ऑफिसची नोंद त्या-त्या ऑफिसच्या रजिस्टरात. आता सगळ्या देशाचं एकच सारथी पोर्टल. पण जुन्या कागदी लायसन्सपैकी बरीचशी त्यात आपोआप चढलेली नाहीत. ती चढवायची तर ज्या ऑफिसनं लायसन्स दिलं त्यांनीच आपलं रजिस्टर बघून नोंद करायची. त्याला म्हणतात बॅकलॉग एंट्री. ती झाली की मग देशात कुठूनही अर्ज करा.

"इल्लि आगंगिल्ल," ते म्हणाले. आणि माझा चेहरा बघून मराठीत म्हणाले, "एकदा जाऊन या ताई. एका फेरीत होतं."

बाहेर आले तर झाडाखाली एक जण उभा. माझ्या हातातलं पुस्तक बघूनच त्याला सगळं कळलं. म्हणाला, कशाला कोल्हापूरला जाता? हे जुनं आहे हे विसरूनच जायचं. आधारवर नवीन काढू. पहिलं लायसन्स कधी नव्हतंच असं लिहायचं. दोन महिन्यांत कार्ड घरी.

खोटं कशाला बोलू, मी पाच मिनिटं तिथं थांबले. कोल्हापूरला जायचं म्हणजे दिवस मोडणार, डायलिसिसचा दिवस सोडून जायचं, तिकडं रजिस्टर सापडलं नाही तर? आणि हा म्हणतोय ते किती सोपं. पण 'पहिलं लायसन्स कधी नव्हतंच' हे वाक्य घशात अडकलं. सरकारी कागदावर खोटं लिहायचं हे तर झालंच. शिवाय ते पहाटेचे दिवस, तो रस्ता, "पुन्हा, क्लच सावकाश", तेही नव्हतंच असं मी माझ्या सहीनं लिहून द्यायचं? मी त्याला नको म्हटलं आणि घरी आले.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका बुधवारी निघाले. गाडी चालवायची नाही म्हटल्यावर बस. खूप वर्षांनी बसनं माहेरी जात होते. निपाणीपर्यंत आपली कर्नाटकाची गाडी. आधार कार्ड दाखवलं, कंडक्टरनं शक्ती योजनेचं शून्य रुपयांचं तिकीट फाडून हातात दिलं. २०२३ च्या जूनपासून हे आहे, पण मी गाडीवाली, मला कधी अनुभव नव्हता. शेजारी हत्तरगीला उतरणाऱ्या एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, लेकीकडं आठवड्याला जाते आता, जावयाला विचारायला लागत नाही. संकेश्वर गेलं, तवंदीचा घाट गेला, निपाणीला उतरून महाराष्ट्राच्या एसटीत बसले. तिकडं महिलांना अर्धं तिकीट, पण राज्याच्या हद्दीत. कंडक्टरनं हद्दीपर्यंतचं पूर्ण आणि पुढचं अर्धं असा हिशेब करून तिकीट दिलं. कोगनोळीच्या पुढं दूधगंगेचा पूल ओलांडला आणि मी अर्ध्या तिकिटाची झाले. एकाच सकाळी, एकाच बाईचं, तीन प्रकारचं तिकीट! आपल्यासारख्या सीमेवरच्या माणसांनाच असली मजा मिळते.

कोल्हापूरच्या ऑफिसात मी अर्ज दिला, सोबत मूळ पुस्तक आणि आधारची झेरॉक्स. तिथल्या बाईंनी दोन्ही समोरासमोर धरलं. पुस्तकावर एक नाव, आधारवर दुसरंच.

"या दोघी एकच कशावरून?"

प्रश्न बरोबरच होता. मी लग्नाच्या नोंदणीचा दाखला काढून दिला. बेळगावला २००५ मध्ये नोंदणी केली होती, त्यात दोन्ही नावं आहेत. तो घेऊन गेले हे माझं नशीब. त्यांनी वाचला आणि विचारलं, "बेळगावच्या काय तुम्ही? बोलण्यावरनं वाटलंच." मला हसू आलं. बेळगावात बाजारात गेलं की म्हणतात, तुम्ही कोल्हापूरच्या ना, बोलण्यावरनं वाटलंच.

त्या आत गेल्या. अर्धा तास, पाऊण तास. शिपाई दोनदा चढून माळ्यावर गेला. मी बाकावर बसून देवाचा धावा करत होते. अखेर एक जाडजूड रजिस्टर आलं, पुठ्ठ्याची कड खाल्लेली. बाईंनी पानं उलटली, बोट खाली-खाली आणलं आणि थांबवलं.

"हे बघा. आहात तुम्ही."

निळ्या शाईची एक ओळ. माझं नाव. बाबांचं नाव. मंगळवार पेठ. जन्मतारीख. पुढं सही. एवढंच. एका ओळीत मावलेली ती मुलगी वीस वर्षं त्या माळ्यावर बसून होती. माझे डोळे भरून आले. बाईंना ते दिसलं असावं. त्या काही बोलल्या नाहीत, पाण्याचा तांब्या तेवढा माझ्या बाजूला सरकवला आणि संगणकाकडं वळल्या.

नोंद झाली, वरच्या साहेबांची मंजुरी झाली. जुन्या छोट्या नंबरचा आता लांबलचक नंबर झाला. आधी एमएच, मग ०९, मग २००४ साल, मग सात आकडे. बाईंनी तो कागदावर लिहून दिला. म्हणाल्या, "आता कुठंही जा, तुम्ही सापडाल."

परतीच्या गाडीला वेळ होता. पाय आपोआप मंगळवार पेठेकडं वळले. घराला नवा रंग दिला होता. दारात एक स्कूटर होती आणि ओट्यावर एक मुलगी अभ्यास करत बसली होती. तिनं विचारलं, "कोण पाहिजे?" मी म्हटलं, "कोण नाही." आणि निघाले.

रविवारी संध्याकाळी आम्ही अर्ज भरायला बसलो. मुलगा संगणकावर, मी कागद घेऊन शेजारी, नवरा चहा करतोय, अव्वा पलंगावर पडून ऐकतायत. नूतनीकरण, पत्ताबदल, नावबदल, तिन्ही एकाच अर्जात करता येतात. मुलगा एकेक रकाना मोठ्यानं वाचत होता. नावाच्या रकान्यापाशी आल्यावर मी जरा थांबले. आधारला एक, विम्याला एक आणि लायसन्सला एक, असं चालणार नाही, हे व्यवहाराला धरूनच होतं. मी म्हटलं, लिही, इथलं नाव लिही.

पलंगावरून अव्वांनी विचारलं, "हळी हेसर तगितीयेन?" जुनं नाव काढतेस काय?

"हो अव्वा. काढायला लागतं."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, तुला निदान काढायला तरी आहे. माझं कुठल्या कागदावर आहे?

आम्ही तिघंही त्यांच्याकडं बघत राहिलो. त्यांचं नाव लग्नात बदललं होतं हे नवऱ्यालासुद्धा माहीत नव्हतं. १९६८ साली, सोळाव्या वर्षी लग्न झालं. सासरी त्या नावाची एक जाऊ आधीच होती, म्हणून मांडवातच दुसरं ठेवलं. तवरमनीला, म्हणजे माहेरी, आईवडील होते तोवर जुन्या नावानं हाक मारायचे. मग भाऊ. भाऊ जाऊनही बारा वर्षं झाली. आता त्या नावानं ओळखणारं कुणी नाही. हे सगळं त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं, जणू भाजीचा भाव सांगताहेत.

"काय होतं नाव?" मुलानं विचारलं.

त्यांनी सांगितलं. ते नाव मी इथं लिहीत नाही. त्यांनी ते आम्हाला सांगितलं होतं, छापायला नाही.

"शाळेत गेला होतात ना तुम्ही?" मी विचारलं. चौथीपर्यंत, त्या म्हणाल्या. गावच्या कन्नड शाळेत. शाळेच्या रजिस्टरात असेल कदाचित. असलं तर असलं, आता कोण बघणार?

डॉक्टरांच्या दाखल्यासाठी दोन दिवस गेले, कारण मी नेलेला फॉर्म चुकीचा होता. इथं "नाळे बर्री" ऐकायला मिळालं, पण तो दोष माझाच. जानेवारीत फोटो आणि सहीसाठी बोलावलं. खिडकीत तेच गृहस्थ. नंबर घातल्याबरोबर माझं नाव पडद्यावर आलं. ते म्हणाले, "बंतल्ल!" आलं की! मलाही तेवढाच आनंद झाला.

मग त्यांनी एक विचारलं. नाव बदललंत, पत्ता बदललात. नावाखाली नातं असतं, वडील किंवा पती. जुन्या नोंदीत वडिलांचं आहे. ते पण बदलायचं काय? बहुतेक बायका बदलून घेतात.

"बदलायलाच पाहिजे असं आहे का?"

"तसं काही नाही. तुमची मर्जी."

"मग राहू दे," मी म्हटलं.

फेब्रुवारीत कार्ड पोस्टानं आलं. कर्नाटकाचं कार्ड, पत्ता बेळगावचा, सरकारी स्पेलिंगप्रमाणं बेळगावी. २०१४ पासून तेच आहे. नाव सासरचं. त्याखाली बाबांचं नाव. आणि नंबर मात्र जुनाच, एमएच ०९ नं सुरू होणारा. मुदत आता दहा वर्षांची, २०३५ पर्यंत. मी वयाची तीस ते पन्नास या गटात येते, म्हणून दहा. पूर्वीसारखी वीस वर्षांची नाही. बरंच आहे एका अर्थी, माणूस विसरायच्या आत तारीख येईल.

अव्वांनी चष्मा लावून कार्ड बघितलं. फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, ही माझ्या ओळखीची आहे. आणि पुढच्या डायलिसिसला शाल गुंडाळून पुढच्या सीटवर येऊन बसल्या. तीन महिने रिक्षाचे धक्के खाल्ले होते, पण एका शब्दानं कुरकुर केली नव्हती. "नडी," म्हणाल्या.

पण त्या गाडीनं आम्ही आणखी एक फेरी केली, ती सांगून थांबते. मार्चमधल्या एका शनिवारी, सकाळच्या शाळेच्या वेळेला, आम्ही चौघं अव्वांच्या गावी गेलो. मी चालवत होते. शाळेची इमारत नवी, पण मागची चिंच जुनी, अव्वांनी लांबूनच ओळखली. मुख्याध्यापक तरुण होते. आधी त्यांना काही कळेना, दाखला हवाय का, कशासाठी, वारसाचं काम आहे का? मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सांगितलं, काही काम नाही, नुसतं बघायचं आहे. त्यांनी माझ्याकडं बघितलं, अव्वांकडं बघितलं, आणि कपाटाची किल्ली मागवली.

साल नक्की माहीत नव्हतं. दोन पुस्तकं चाळून झाली. तिसऱ्यात सापडलं. जुनं वळणदार कन्नड, मला ते वाचता येईना. माझ्या मुलानं वाचलं. नाव, वडिलांचं नाव, गाव, जन्मतारीख. अव्वा काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होत्या. मला वाटलं आता रडतील. मी पदर सावरून तयारच होते.

त्या म्हणाल्या, "तारीख चुकलीय. अप्पांनी एक वर्ष वाढवून लावलंय, लवकर शाळेत घालायला."

मुख्याध्यापक हसायला लागले. अव्वाही हसल्या. मग म्हणाल्या, पुन्हा एकदा वाच. मुलानं पुन्हा वाचलं. या वेळी त्या हसल्या नाहीत. वाचून झाल्यावर त्यांनी त्या पानावरून हात फिरवला आणि पुस्तक स्वतः मिटलं.

येताना बैलहोंगलला थांबून उसाचा रस प्यायलो. त्यांना पाणी मोजून प्यायचं असतं, म्हणून अर्धा ग्लास, तोही माझ्यातलाच. गाडीत मुलगा मागं झोपला, नवराही. अव्वा जाग्या होत्या. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, तुझ्या बाबांना मी एकदाच बघितलं, लग्नात. बोलणं झालं नाही. त्यांना मराठीत काय बोलावं हेच कळत नव्हतं मला.

मी म्हटलं, "त्यांनाही कन्नड कुठं येत होतं, अव्वा."

"हां," त्या म्हणाल्या. "पण गाडी छान शिकवलीय."

वाचकहो, आज रात्री पाकिटातलं लायसन्स काढून तारीख बघा. संपायला वर्षभर असेल तेव्हापासूनच अर्ज करता येतो. जुनं कागदी असेल तर आपण संगणकात आहोत का, हे आधी बघा. नसाल तर ज्या गावानं ते दिलं तिथं एकदा जाऊन या. आणि घरात वडीलधारी बाई असेल तर तिला सहज विचारा, तुमचं लग्नाआधीचं नाव काय होतं?